निरंजन सरांच्या शेजारची खुर्ची

फोन उचलायला जयाने पर्समध्ये हात घातला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आवाज आपला आहे, फोन आपला नाही.

जांब्याहून हिंजवडीकडे निघालेली शेअर रिक्षा होती. स्कूटर गॅरेजात टाकलेली, म्हणून जया आज मागच्या सीटवर तिघींत दाबून बसली होती. शेजारच्या मुलीच्या मांडीवरच्या बॅगेतून तो आवाज पुन्हा उसळला. "ऊट गं! पडलीस तर पडलीस! बॉल काय तुला न्यायाला येनार हाय व्हय?" त्या आवाजामागे टाळ्या, लाकडी फ्लोअरवर बुटांचा किचकिचाट, कुणाची तरी शिट्टी. मुलीने घाईघाईने चेन उघडली, फोन चाचपला, बंद केला. "सॉरी हां. अलार्म आहे, बंद करायचा राहिला." ड्रायव्हरला खेटून बसलेला माणूस हसत मागे वळला. "सासूबाई का?" "सासू कुठली, अजून लग्न नाही झालं माझं," मुलगी म्हणाली, "मोटिव्हेशन आहे हे." सगळी रिक्षा हसली. जयाही हसली, न हसणं विचित्र दिसलं असतं. मग रस्त्याकडे बघत असल्यासारखं करत तिने विचारलं, "कोण आहे ती बाई?"

"काय माहीत. माझ्या रूममेटची कोच होती म्हणे कॉलेजात. क्षितिजाची. तिनेच दिलं, आता आमच्या अख्ख्या फ्लॅटवर हाच अलार्म आहे." मुलीचं बोलणं लातूरकडचं, वाक्याच्या शेवटी किंचित ओढ घेणारं. गळ्यातल्या कार्डावर रेश्मा असं नाव होतं. "गावठी आहे एकदम. पण भारी आहे ना?"

"हो," जया म्हणाली. "भारी आहे."

रेश्मा कंपनीच्या गेटाशी उतरली आणि तसल्याच कार्डांच्या गर्दीत मिसळून गेली. जया पुढे घोटावड्याच्या बसमध्ये चढली. खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसेना. आपला आवाज आपल्याला सोडून कुणाच्या तरी उशाशी जाऊन राहतो आहे, रोज सकाळी अनोळखी मुली त्याला थोपटून गप्प करत आहेत, पुन्हा झोपत आहेत, या विचाराने तिला कसंसंच झालं. कपडे दोरीवर वाळत टाकावेत आणि ते गल्लीतल्या कुणी घालून फिरावं, तसं. कोच होती म्हणे. होती का म्हणाली? मेल्यासारखं. गावठी म्हणाली ते एक वेळ ठीक. तो शब्द तिला नवा नव्हता, त्याची धार तिने कधीच घासून बोथट केली होती. पण तो नेमका आजच यावा, याचा तिला राग आला. आणि मग, माणच्या चौकात बस थांबून राहिली असताना, तिच्या ध्यानात आलं की ती मुलगी कोच म्हणाली होती. असिस्टंट कोच नव्हे.

कारण खरं पद तेच होतं. डोंगराच्या उतारावर वसलेल्या त्या कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल संघाची जया सहायक प्रशिक्षक होती, आणि चाळिशीला टेकेपर्यंत तीच राहिली होती. मुख्य प्रशिक्षक निरंजन सर. ते दिवाळीनंतर बंगळूरच्या एका अकादमीत चालले होते, आणि प्राचार्य बाईंनी गेल्या आठवड्यात जयाला बोलावून सरळ विचारलं होतं, की बाहेरून माणूस आणायचा की तुम्ही घेता? उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. जयाने ते तयार ठेवलं होतं. 'मॅडम, मला आहे तिथंच बरं वाटतं.' स्वच्छ, शहरी, एकही अक्षर न घसरणारं वाक्य. आरशासमोर तिने ते म्हणूनही पाहिलं होतं.

स्वच्छ बोलायला ती शिकली होती, फ्री थ्रो शिकावा तशी. आपल्या गावातून, रिह्याच्या शाळेतून, पुण्याच्या कॉलेजात आली तेव्हा पहिल्याच दिवशी चेंजिंग रूममध्ये ती म्हणाली होती, "मला हितलं काईच म्हाईत न्हाई," आणि कपड्यांच्या हुकांपाशी उभ्या असलेल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या होत्या. दुष्टपणे नाही, खारीने हातातला दाणा उचलला की हसतात तशा. त्या रात्रीपासून तिने 'नाही' म्हणायचा सराव केला. 'इथं', 'तिथं', 'माहीत'. महिन्याभरात जीभ वळली, वर्षाभरात तिला स्वप्नंसुद्धा तशी पडू लागली. फक्त बॉल हवेत असला की काय व्हायचं कुणास ठाऊक. बोर्डावर आपटून उडालेला बॉल आणि त्याच्याखाली हात वर केलेल्या मुली दिसल्या की तिच्या छातीतून रिह्याचं खोरं बोलायला लागायचं. या टेकडीवरून त्या टेकडीवर आईला हाक मारावी तसं. त्या खोऱ्यात माणसं हळू बोलतच नाहीत. भाताच्या खाचरात वाकलेल्या माणसाला चार बांधांपलीकडून जेवायला बोलवायचं तर हळू बोलून भागत नाही.

आणि त्या खोऱ्यात बास्केटबॉल कुठून आला? ही गोष्ट मुली तिला पुन्हा पुन्हा सांगायला लावत. पुण्याचे शरदचंद्र काका म्हणून एक निवृत्त इंजिनियर, त्यांनी रिह्यात जागा घेऊन फार्महाउस बांधलं, आणि अमेरिकेतली नातवंडं येतील म्हणून मागे अर्धं कोर्ट. गुळगुळीत सिमेंट, त्यावर पिवळ्या रेघा, खांबावर पांढरा बोर्ड. नातवंडं एकदा आली, आठवडाभर राहिली, डास चावतात म्हणाली आणि गेली. जया रोज तिथं दूध घालायला जायची. एकदा काका पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "बॉल आत पडून सडतोय. टाक की दोन-चार." ती टाकायला लागली. सहा वर्षं टाकत राहिली. रिंगला जाळी नव्हती, त्यामुळे बॉल आत गेला की आवाज यायचा नाही. गेला की नाही ते बघावंच लागायचं. तिचा नेम असा बसला की पुण्यात निवड करणाऱ्यांनी तिला त्याच दिवशी संघात घेतलं. पण पहिल्या मॅचला तिच्या हातात बॉल आला आणि दोन मुली अंगावर धावून आल्या, तेव्हा ती बॉल पोटाशी धरून उभीच राहिली. द्यायचा कुणाला, हे तिला माहीत नव्हतं. आयुष्यात तिच्याबरोबर कुणी खेळलंच नव्हतं. पास नावाची गोष्ट तिला त्या वर्षी कळली आणि ती जी कळली, तिच्यापुढे बास्केट तिला फिकं वाटू लागलं. आपण दिलेल्या बॉलवर दुसरीने गुण घ्यायचा आणि पळता पळता बोट आपल्याकडे करायचं. त्या बोटासाठी ती धावायची. विद्यापीठाच्या निवड चाचणीत गुडघा फिरला, आतून काहीतरी सुतळीसारखं तुटल्याचं तिने कानांनी ऐकलं, आणि धावणं संपलं. पास देणं संपू नये म्हणूनच ती प्रशिक्षक झाली, असं ती स्वतःला सांगत आली होती.

बस घोटावड्याच्या फाट्यावरून वळली. खाचरांमधलं भात पोटरीतून बाहेर पडून पिवळसर झालं होतं, कापणीला आलं होतं. जयाने क्षितिजाला फोन लावला. तिचं पडणं जयाला लख्ख आठवत होतं: सेमीफायनल, क्षितिजा घसरून आडवी झालेली आणि उठायच्या आधी प्रेक्षकांकडे बघणारी. कुणी हसतंय का ते बघणारी. ते बघणंच जयाला सहन झालं नव्हतं. कुणीतरी त्याचं शूटिंग केलं असणार. "मॅडम!" क्षितिजा ओरडलीच. मग रिक्षातली हकिकत ऐकून एकदम कानकोंडी झाली. "अहो, ते... गंमत म्हणूनच ठेवलं होतं मॅडम. हसायचो आम्ही सगळ्या. रागावू नका हां. मी नंतर करते, आत बोलावतायत." फोन बंद झाला. गंमत म्हणूनच. जयाने फोन पर्समध्ये ठेवला आणि मनातलं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. मॅडम, मला आहे तिथंच बरं वाटतं. आता ते अधिकच खरं वाटत होतं.

दुपारी पुण्याच्या एका कॉलेजचा संघ सरावाच्या सामन्यासाठी आला. जयाने नेहमीसारखं सगळं केलं. अनसूयाच्या घोट्याला टेप बांधली. कोण सामन्याआधी जेवत नाही, कुणाला जेवायला लावायचं, कुणाशी आज बोलायचंच नाही, हे तिच्या हाताला पाठ होतं. अनसूया धरणापलीकडच्या वाडीतली. तिच्या वडिलांच्या ओसरीवर जया तीन वेळा जाऊन बसली होती, तेव्हा कुठे ती हॉस्टेलवर आली. खरं तर जयाची स्वतःची नेमणूकही तशीच झालेली. निरंजन सरांनी संघ उभा केला तेव्हा मुलींचे बाप विचारायला लागले, परगावी जाताना सोबत बाई कोण? म्हणून बाई नेमली. सोबत बाई. पुढे सर तिला विचारून संघ निवडू लागले, तिने सांगितलेली अदलाबदल करू लागले, पण मुळातली ती सोबत काही तिच्या अंगावरून उतरली नाही. खेळ चालू असताना बाकावरून एकाच प्रशिक्षकाला उभं राहता येतं, असा नियमच आहे. सर उभे राहायचे. ती बसून ओरडायची.

आज सर आले आणि बुटांची लेस बांधत असलेल्या मुलींसमोरून सरळ येऊन तिच्या खुर्चीत बसले. पाय पसरले. "आज मी बसतो," ते म्हणाले. "तू उभी राहा."

"सर, असं अचानक..."

"बाईंना तू नाही म्हणणार आहेस, मला माहितीय." ते हळू आवाजात बोलत होते, मुलींना ऐकू जाऊ नये असं. "म्हण. पण एकदा उभी राहून बघ आणि मग म्हण. आजवर मी समजत होतो, तुला इथं बसायला आवडतं. हल्ली वाटतं, तू इथं लपतेस."

लपतेस हा शब्द तिला लागला. सामना सुरू झाला आणि ती उभी राहिली, तेव्हा पहिल्यांदा तिला जाणवलं ते हे, की कोर्ट वरून वेगळं दिसतं. मोठं, उघडं, वाऱ्यावर टाकल्यासारखं. बसून बघताना समोर एक कडा असायची, सरांच्या पँटची, सरांच्या पाठीची; तिच्या आडून बोलता यायचं. आता आड काही नव्हतं. तिने तोंड उघडलं आणि तिच्या कानात सकाळची रिक्षा हसली. "अनसूया, कृपया डावीकडे लक्ष दे," ती म्हणाली. "मुलींनो, डिफेन्समध्ये जरा समन्वय ठेवा." वाक्यं बरोबर होती. व्याकरण बरोबर होतं. मुलींनी एकदा वळून पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि मग वळायचं सोडून दिलं. त्या खेळत होत्या, पण पाहुण्यांच्या घरी चहा प्यावा तशा. बॉल हातात आला की दुसरीला देऊन मोकळ्या. पुण्याच्या मुली सरासरा आत घुसत होत्या. दुसऱ्या भागात अंतर इतकं वाढलं की गुण लिहिणारा मुलगा तिच्याकडे दयेने बघू लागला. तिने टाइमआउट मागितला. घामाने निथळणाऱ्या मुली तिच्याभोवती गोळा झाल्या आणि ती हातातल्या पाटीकडे बघत राहिली. खडूने काढायला तिच्याकडे बाण होते, शब्द नव्हते. मागे सर खुर्चीत बसलेले तिला जाणवत होते. ते काही बोलणार नाहीत, हेही.

अनसूयाने तोंड पुसलेला टॉवेल खांद्यावर टाकला. "मॅडम, आमचं काय चुकलं का?"

"का? नाही."

"मंग आसं का बोलताय? पावण्यांशी बोलल्यावानी?"

बाकीच्या मुली पायाकडे बघू लागल्या. जयाला वाटलं, आपण आता रडू. मग वाटलं, नाही, हे रडू नव्हे. हे जे घशाशी येतंय ते वेगळं आहे आणि ते आपण फार दिवसांपासून ओळखतो. ती पाटी तिने खाली ठेवली. "चुकलं कसं न्हाई?" ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "समदं चुकलंय. ती चार नंबरची पोरगी तुमच्या मदनं जातीया आन तुमी तिला वाट करून देताय? लग्नाचं वऱ्हाड हाय व्हय? आनशे, तू आडवी हो तिला. पडलीस तर पडशील. आन शुभांगे, तुला देवानं येवडी उंच कशाला केली गं, फॅन पुसायला?" शुभांगी फस्सकन हसली. मग सगळ्याच. हसता हसता त्यांचे खांदे खाली आले, मान सैल झाली, आणि शिट्टी वाजली तेव्हा त्या ज्या निघाल्या त्या वेगळ्याच मुली होत्या. किंवा नेहमीच्या.

पुढचं तिला नीट आठवलं नाही, शरीराला आठवलं. रेघेच्या कडेकडेने ती चालत होती, गुडघा ठणकत होता आणि ठणकणं लांबून कुठूनतरी येत होतं. ती काय ओरडत होती ते तिचं तिला ऐकू येत नव्हतं. अंतर कमी होत गेलं, बरोबरीला आलं, पुन्हा दोन गुणांनी मागे. शेवटच्या मिनिटाला अनसूया दमली होती. पाय ओढत होती, पण तिचा नेम सगळ्यांत चांगला. सरांनी तिला ठेवलं असतं. जयानेही, सरांच्या कानात, तिला ठेवा असंच सांगितलं असतं. पण तिने त्या घोट्याकडे पाहिलं, जो तिने स्वतः बांधला होता, आणि अनसूयाला बाहेर घेऊन शुभांगीला मोकळं ठेवायला सांगितलं. अख्ख्या हंगामात शेवटचा बॉल शुभांगीने कधी घेतला नव्हता; तिच्याकडे आला की ती विस्तव आल्यासारखा दुसरीला द्यायची. या वेळी तिने तो दिला नाही. उंच उडाली, टाकला. बॉल रिंगवर आपटला, एकदा फिरला, बाहेर पडला. संपलं. हरले.

पुण्याच्या मुलींनी आरोळ्या ठोकल्या. शुभांगी रिंगखाली तशीच उभी राहिली, हात वर, जणू बॉल अजून हातात आहे. जया तिच्याकडे गेली. अशा वेळी करायचं तिचं काम ठरलेलं होतं. हरलेल्यांना जवळ घ्यायचं, पाणी द्यायचं, 'पुढच्या वेळी' म्हणायचं. ते तिने केलंही. पण शुभांगीच्या ओल्या पाठीवर हात ठेवला आणि तिला काहीतरी निराळंच जाणवलं, आणि ते कळायला क्षण लागला. या आधीची प्रत्येक हार निरंजन सरांची होती. त्यांनी ती घरी नेली होती, त्यांची झोप उडाली होती; जयाने फक्त हरलेल्यांची समजूत घातली होती. इतकी वर्षं इतके सामने हरून तिची स्वतःची एकही हार नव्हती. ही होती. जड होती. आणि तरी, आता पुन्हा तोच बॉल, तेच मिनिट मिळालं तर मी काय करीन, असं तिने स्वतःला विचारलं, तर उत्तर लगेच आलं. शुभांगीलाच देईन.

"मॅडम, मी घालवला," शुभांगी म्हणाली.

"तू टाकलास," जया म्हणाली. "घालवलास त्या आदीच्या मॅचमदे, जवा टाकलाच न्हाईस. उद्या सकाळी ये, शंबर टाकू."

निरंजन सर खुर्च्या गोळा करत होते. ते काम नेहमी जया करायची. एकात एक घातलेल्या खुर्च्यांची थप्पी उचलून ते तिच्याजवळून गेले आणि एवढंच म्हणाले, "मी अनसूयाला ठेवलं असतं."

"माहितीय सर."

"जिंकलो असतो."

"कदाचित."

ते हसले आणि खुर्च्या घेऊन स्टोअरकडे गेले. जिना चढताना जयाचा फोन वाजला. क्षितिजा. आता निवांत होती, बाहेरच्या कट्ट्यावर बसले आहे म्हणाली. "मॅडम, सकाळी अर्धवटच राहिलं. आधी गंमत म्हणून केलं होतं, ते खरंय. तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पण मधे एक प्रोजेक्ट गेला माझा, दोन महिने नुसती रूमवर. उठायचेच नाही. आई फोन करायची, किती गोड बोलायची, आणि मला अजूनच पडून राहावंसं वाटायचं. मग एक दिवस तो आवाज लावला. तुम्ही बिचारी म्हणत नाही ना मॅडम. तुम्हाला माझं पडणं दिसतच नव्हतं, बॉल कुठं चाललाय तेवढंच दिसत होतं. उठले मी. रेश्माने विचारलं कोण गं ही, तर तिलाही दिला." मग हळूच, "काढून टाकू का?" जया जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी होती. खालून मुलींचे आवाज येत होते, कुणीतरी तिची नक्कल करत होतं. 'लग्नाचं वऱ्हाड हाय व्हय?' आणि हशा. सकाळच्या रिक्षातलंच हसणं ते, पण आता तिला त्यात बसायला जागा सापडली. "राहू दे," ती म्हणाली. "पण उठल्यावर बंद करत जा. लोकांची झोप मोडते."

प्राचार्य बाई कागदांवर सह्या करत होत्या. जया समोर बसली. तयार ठेवलेलं वाक्य तिने शोधून पाहिलं, ते जागेवर होतं, घडी न मोडलेल्या साडीसारखं. ते तसंच राहू दिलं. "मॅडम, मी घेते," ती म्हणाली. "पण मी ओरडते. आणि ओरडताना माझं बोलणं गावाकडचं होतं. मी ते बदलणार नाही. चालत असेल तर सांगा." बाईंनी चष्मा काढला. "जयाताई, माझी केबिन कोर्टाच्या वरच आहे," त्या म्हणाल्या. "ते बदललं असतं तर मीच विचारलं असतं, की तब्येत बरी आहे ना."

ऊन उतरलं होतं. फाट्यावर जांब्याकडची बस उभी असताना जया तिच्यात चढली नाही. दुसरीकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसून रिह्याला गेली. का, ते तिला सांगता आलं नसतं. हार घेऊन कुठेतरी जावं लागतं, एवढंच. आबा, तिचे वडील, बांधावर होते. हैबतराव म्हणून खोऱ्यात नाव असलेला माणूस, पण आता गुडघ्यांनी तिच्यासारखाच थकलेला. त्यांच्या भावंडांनी आजूबाजूच्या जमिनी फार्महाउसवाल्यांना दिल्या, जांब्यात खोल्या बांधून भाडं खाऊ लागले; आबांनी हे तेवढं खाचर ठेवलं होतं. तिच्या खेळाला त्यांनी कधी नको म्हटलं नाही आणि कधी बघायलाही आले नाहीत. पोरगी काहीतरी करते, बॉल असतो, परगावी जाते. एवढ्यावर त्यांचं भागायचं. ती लहान असताना शेजारणी म्हणायच्या, पोरगी उघड्या पायांनी नाचते. तेव्हा ते म्हणाले होते, भात लावताना काय मोजे घालती का तुमची? तेवढी एकदाच त्यांनी तिची बाजू घेतली होती. ती बांधावर त्यांच्या शेजारी बसली. चप्पल काढली. मऊ, थंड माती तळपायाला लागली.

"आज हिकडं कशी? गाडी कुटं हाय?"

"गॅरेजात." मग ती म्हणाली, "आबा, मी मेन झाले. निरंजन सर चाललेत. आता संघ माझ्याकडं."

आबांनी ओंबी तोडून तळहातावर चोळली, फुंकर मारली, दाणा दाताखाली धरून बघितला. अजून थोडा कच्चा असावा. "म्हंजी आता शिट्टी तुज्याकडं?"

"शिट्टी पंचाकडं असते, आबा."

"मंग तुज्याकडं काय?"

समोर खाचरात वारा शिरला होता आणि सगळं भात एका बाजूला कलून पुन्हा उभं राहत होतं. "पोरी," ती म्हणाली. "पोरी माज्याकडं."

"किती?"

"बारा."

बारा, असं म्हणत आबांनी खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. त्यांच्या ओठांची हालचाल झाली. "खात्यात काय?"

"काय?"

"पोरी. खात्यात काय? भात खात्यात का निसतं बिस्कुट? येवडं पळायचं म्हंजी. कापनी झाली की दोन पोती घिऊन जा. इंद्रायनी हाय, चिकाट व्हतो, पोटाला धरून ऱ्हातो. म्याच घिऊन येतो, तुला कुटं उचलतंय. कवा हाय म्हनालीस खेळ?"

"आबा, तुम्ही येणार?"

"मंग पोती काय एकटी येत्यात?" ते चिडल्यासारखे म्हणाले. "जितवायचं तुजं तू बग. खायाचं मी बगतो."

"आज हरलो आम्ही," जया म्हणाली. सामन्यानंतर पहिल्यांदा तिने ते मोठ्याने म्हटलं, आणि म्हणताना आमच्या मुली असं न म्हणता आम्ही म्हटलं, हे तिच्या लक्षात आलं.

आबांनी तळहातावरची फोलपटं झटकली आणि तिच्या खांद्याचा आधार घेत उठले.

"मंग चल, घरी चल आदी," ते म्हणाले. "हरल्यावं तर लई भूक लागती."